तुम्हा दोघांसाठी

लॉन्ड्रीत तिला सगळ्याजणी 'नवी' म्हणायच्या. येऊन दहा महिने झाले होते, तिच्यानंतर आणखी दोघी कामाला लागल्या होत्या, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. तिची काही हरकत नव्हती. आपलं खरं नाव जितक्या कमी तोंडांत असेल तितकं बरं, असं तिला वाटायचं.

काम हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरींचं. ओल्या चादरीची दोन टोकं नवीनं धरायची, दोन मावशीनं, आणि ताणून ती गरम रोलरच्या तोंडात द्यायची. पलीकडून चादर कोरडी, कडक होऊन बाहेर यायची, तिथे दोघी घडी घालायला उभ्या असायच्या. मावशी कुणाचीच सख्खी मावशी नव्हती. बावीस वर्षं त्याच रोलरपाशी उभी राहून ती सगळ्यांची मावशी झाली होती. वाफेच्या फुसफुसण्यात बोललेलं नीट ऐकू येत नसे, म्हणून प्रत्येकीच्या एका कानात गाणं असायचं. दुसरा कान यंत्रासाठी मोकळा ठेवायचा, असा मुकादमाचा नियम होता.

नवीकडे येताना फार काही नव्हतं. सहा वर्षांची मुलगी, दोन पिशव्या, आणि कोर्टाचा एक कागद. नवऱ्यानं तिच्या आणि मुलीच्या आसपास फिरकायचं नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. कागद तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिठाच्या डब्यामागे ठेवला होता. शहर नवं, खोली नवी, फोन नवा, नंबर नवा. मुलीची शाळासुद्धा नवी. मुलगी एका जागी म्हणून बसत नसे, तिला सगळे भिंगरी म्हणायचे, आणि ते नाव मात्र तिनं सोबत आणलं होतं.

आणखी एक गोष्ट जुनी राहिली होती. गाण्यांचं ॲप. भिंगरीला झोपताना कंदील घेऊन फिरणाऱ्या अस्वलाची गोष्ट लागायची, ती त्या ॲपवर होती. पहिल्याच आठवड्यात पोरगी रडून रडून जागी राहायला लागली, तेव्हा नवीनं नव्या फोनवर ते ॲप घेतलं आणि पाठ असलेला जुना पासवर्ड टाकला. अस्वल सुरू झालं, पोरगी झोपली. त्यापलीकडे तिनं काही विचार केला नाही.

मग हळूहळू तिला स्वतःचीच गंमत वाटायला लागली. घरी असताना काय वाजायचं ते नवरा ठरवायचा. तो मोठ्यानं गाणी लावायचा, आणि कुठलं गाणं लावलंय त्यावरून आजची संध्याकाळ कशी जाणार ते तिला कळायचं. इथे कुणी ठरवणारं नव्हतं. ॲप रोज सकाळी तिच्यापुढे वीस गाणी ठेवायचं. आवडलं तर ऐक, नाही तर पुढे जा. ती पुढे जायला शिकली. अर्धं गाणं ऐकून 'नको' म्हणणं, ही चैन तिनं आयुष्यात कधी केली नव्हती.

एके दिवशी त्या विसांत क्रेनवाला आला. हा याच शहरातला गायक. पूर्वी बंदरावर क्रेन चालवायचा म्हणून तेच नाव लावायचा. आवाज फाटका, जणू घशात गंज बसलाय. गाणी धक्क्यावरची, धुक्यात वाजणाऱ्या भोंग्याची, पाळी संपवून घरी जाणाऱ्या माणसांची. पहिल्यांदा तिनं तोंड वाकडं केलं. दुसऱ्यांदा पूर्ण ऐकलं. महिन्याभरात तिला त्याची सगळी गाणी तोंडपाठ झाली आणि ती रोलरपाशी गुणगुणायला लागली.

"अगं, तो क्रेनवाला का?" मावशी ओरडली. "आमच्या गल्लीत राहायचा. तेव्हा गायला लागला की लोक खिडक्या लावून घ्यायचे. आता तुमच्यासारख्या पोरी कान देऊन ऐकतात!"

नवी हसली. किती दिवसांनी, कोण जाणे.

त्या मंगळवारी सकाळी ती पाळीवर आली, ॲप्रन बांधला, एका कानात इअरफोन घातला आणि ॲप उघडलं. रात्रीतून ते अद्ययावत झालं होतं, रंग बदलले होते. वरती एक नवी यादी होती. नाव होतं 'तुम्हा दोघांसाठी'. दोन गोल एकमेकांत अडकवलेले. एका गोलात तिचं काहीच नव्हतं, नुसता राखाडी रंग. दुसऱ्या गोलात काळा गॉगल घातलेला, समुद्राकडे पाठ करून हसणारा तिचा नवरा होता.

खाली लिहिलं होतं: तुमची आवड एकसष्ट टक्के जुळते!

चादरीचं टोक तिच्या हातातून सुटलं. मावशीच्या बाजूनं चादर आत ओढली गेली, तिरकी झाली, रोलरला गुंडाळली. मावशीनं धावत जाऊन लाल बटण दाबलं. यंत्र थांबलं आणि हॉलमध्ये एकदम शांतता पसरली. मुकादम बोलत होता, ते नवीला दिसत होतं, ऐकू येत नव्हतं.

"भाजलं का गं? हात दाखव," मावशी म्हणाली.

"नाही भाजलं," नवी म्हणाली. "मावशी, त्याला मी दिसतेय."

जेवणाच्या सुट्टीत मावशी तिला कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात घेऊन गेली. दुरुस्तीवाली पंचविशीतली मुलगी होती, डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी फोनचं पोट उघडून बसलेली. तिनं भिंग वर सरकवलं, नवीचा फोन घेतला आणि खात्याची पानं एकेक करून उघडली.

"ताई, हे घरच्यांचं एकत्र खातं आहे," ती म्हणाली. "काढलं कुणी होतं?"

"त्यानंच."

"मग बरोबर. एका खात्यात दोन माणसं. आतापर्यंत दोघांची गाणी वेगवेगळी राहायची. काल कंपनीनं हे नवीन काढलंय, दोघांच्या आवडी एकत्र करून यादी बनवते. कुणाला विचारत नाही, आपोआपच करते. नवराबायकोला, मित्रांना आवडतं म्हणे." तिचा आवाज खाली आला. "प्रत्येक गाण्याखाली छोटा गोल आहे बघा. हे तुमचं. हे त्याचं. आणि हे दोघांचं."

"दोघांचं म्हणजे?"

"दोघांनीही ऐकलेलं."

ते गाणं क्रेनवाल्याचं होतं. भोंग्याचं.

"त्याला असली गाणी आवडत नाहीत," नवी म्हणाली. "तो असलं काही ऐकूच शकत नाही."

"काल यादीत दिसलं असेल, म्हणून लावून बघितलं असेल. एकदा नाही, बऱ्याचदा. त्याशिवाय इतकं वर येत नाही."

"मी कुठे आहे ते त्याला दिसतं का?"

"नाही. तुम्ही कुठे आहात ते ॲपला माहीत असतं, पण ते त्याला सांगत नाही. त्याला फक्त गाणी दिसतात." बोलता बोलता तिनं सवयीनं क्रेनवाल्याच्या नावावर बोट ठेवलं आणि त्याचं पान उघडलं. मावशीनं मान पुढे करून वाचलं. सर्वाधिक श्रोते, असं लिहून पुढे या शहराचं नाव होतं. बाकीच्या शहरांत मूठभर माणसं. आणि त्याखाली ठळक अक्षरांत: येत्या रविवारी दुपारी चार वाजता, बंदराच्या मैदानावर.

"बंद करा हे खातं," दुरुस्तीवाली म्हणाली. "आत्ता, इथे बसून. दोन मिनिटांचं काम आहे."

कुणीही तेच केलं असतं. पण आठ वर्षं नवी त्या माणसाबरोबर राहिली होती. दार धाडकन लावून घेतलं की तो ते तोडतो, हे तिला माहीत होतं. आज खातं बंद झालं, तर त्याला कळणार की तिनं पाहिलं, ती घाबरली, म्हणजे शहर हेच. ती दुकानाच्या काउंटरला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "त्याला फक्त गाणी दिसतात ना? मग मी दुसऱ्याच गावची गाणी ऐकते."

दुरुस्तीवालीनं तिच्याकडे बघितलं. "म्हणजे त्याला चकवायचं?"

"हो. पार दुसऱ्या टोकाचं गाव काढ."

दोघींनी मिळून डोंगरातलं एक शहर निवडलं, रेल्वेनं दोन दिवसांवरचं. तिथे दोन जुळ्या बहिणी गात होत्या, तिकडेच गाजलेल्या. नवीनं ॲप असलेला फोन दुरुस्तीवालीकडे ठेवला आणि स्वतः एक साधा, बटणांचा घेतला. दिवसभर दुकानातल्या ड्रॉवरमध्ये जुळ्या बहिणी गात राहणार. ॲपला वाटणार, बाईची आवड बदलली. अस्वलाची गोष्ट मात्र आता नवीलाच सांगावी लागली. भिंगरीनं दर वाक्याला चूक काढली.

मावशीला हे सगळं पटलं नव्हतं. बुधवारी कामावरून सुटल्यावर ती नवीला हात धरून पोलीस ठाण्यात घेऊन गेली. तिथल्या बाई अधिकाऱ्यानं कोर्टाचा कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि नवीचं म्हणणं लिहून घेतलं.

"गाणं ऐकणं हा काही गुन्हा नाही," ती म्हणाली. "पण तो या शहरात दिसला, तर लगेच मला फोन करायचा. मला. शेजारणीला नाही, देवाला नाही. हा कागद असेपर्यंत मी त्याला उचलू शकते."

नवीनं मान डोलावली.

रोज संध्याकाळी ती दुकानात जायची. बुधवारी छप्पन्न टक्के. जुळ्या बहिणींमुळे आकडा खाली आला होता. गुरुवारीही तेवढाच. तिला जरा बरं वाटलं. शुक्रवारी त्याच्या गोलाखाली हिरवा ठिपका होता आणि त्यापुढे लिहिलं होतं, सध्या ऐकत आहे. ती वाकून बघायला लागली. तो अस्वलाची गोष्ट ऐकत होता.

संध्याकाळचे सहा वाजले होते. रस्त्यावर लख्ख उजेड होता, समोरच्या दुकानात एक बाई बूट मापून बघत होती. ती तशीच पळत घरी गेली. भिंगरी जिन्यात शेजारच्या मुलीबरोबर उड्या मारत होती. तिला उचलून आत घेतलं, कडी लावली, खुर्ची दाराला टेकवली. पोरगी म्हणाली, "आई, तू मला दुखवतेयस." तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण तिचं मनगट किती घट्ट धरलंय.

रविवारी ती भिंगरीला घेऊन मावशीच्या घरी बसली. पडदे ओढलेले. मावशीनं नवऱ्याचा फोटो नीट बघून घेतला होता आणि ती मैदानावर गेली होती. "माझ्याकडे कोण बघतंय," म्हणाली होती. "म्हातारी आली, गाणी ऐकली, गेली."

सव्वापाचला बटणांचा फोन वाजला. मागे क्रेनवाल्याचा आवाज येत होता, लोकांच्या टाळ्या येत होत्या.

"आहे," मावशी म्हणाली. "निळा शर्ट. स्पीकरच्या खाली उभा आहे. सगळे गाण्याकडे बघतायत आणि हा गाण्याकडे पाठ करून एकेक चेहरा बघतोय. लहान मूल दिसलं की मान लांब करतो. नवी, त्या पोलीस बाईंचा नंबर माझ्याकडे आहे. लावू?"

भिंगरी फरशीवर खडूनं काहीतरी काढत होती.

"नको," नवी म्हणाली.

"काय?"

"पोलीस आले की त्याला पक्कं कळेल मी इथेच आहे. आत्ता त्याला नुसता संशय आहे. आज धरतील, चार दिवसांनी सोडतील. मग तो येईल, मावशी. दारात येईल. त्याला काही सापडलं नाही तर तो जाईल. जाऊ दे त्याला."

"अगं पण—"

"तुमच्या पाया पडते. जाऊ दे."

मावशीनं फोन ठेवला. ती घरी आली ती चपलासुद्धा न काढता खुर्चीत बसली. नवीला रागावली नाही, एवढंच म्हणाली, "मी त्याच्या इतक्या जवळून आले गं, की सेंटचा वास आला."

तो दोन दिवस शहरात राहिला. बंदराजवळच्या दोन बेकऱ्यांत आणि एका शाळेच्या फाटकाशी त्यानं विचारपूस केली, हे नंतर कळलं. शाळा भिंगरीची नव्हती. ते दोन दिवस नवी कामावर गेली नाही. घरात पाण्याचा नळ सोडला तरी आवाजानं दचकायची. तिसऱ्या दिवशी दुरुस्तीवालीचा निरोप आला. त्यानं जुळ्या बहिणी ऐकायला सुरुवात केली होती.

मग आकडा वर चढायला लागला. सत्तर. सत्याहत्तर. ड्रॉवरमधला फोन त्या शहरातली गाणी ऐकत होता, तो माणूस त्यामागे ती गाणी ऐकत होता, आणि ॲप दोघांना त्याच शहरातली आणखी गाणी सुचवत होतं. चौऱ्याऐंशी टक्क्यांना ॲपनं रंगीत कागदाच्या कपट्यांचा पाऊस पाडला आणि अभिनंदन केलं. दुरुस्तीवाली म्हणाली, "ताई, जमलं बहुतेक." नवीही म्हणाली, जमलं. ती पुन्हा रोलरपाशी उभी राहायला लागली. कानात काही नसायचं आता. मावशी मधूनच तिच्याकडे बघायची आणि चादर ताणायची.

सहा आठवड्यांनी, दुपारी, मुकादमानं तिला फोनवर बोलावलं. पोलीस ठाण्यातली ती अधिकारी होती.

"तुमचा नवरा सापडला," ती म्हणाली. डोंगरातल्या त्या शहराचं नाव घेतलं. "तिथल्या एका कार्यक्रमातून बाहेर पडणाऱ्या बाईला त्यानं मागून धरलं. बरोबर तिची लहान मुलगी होती. बाई तुमच्यासारखीच, तशीच अंगकाठी. तिनं वळून बघितलं तरी सोडलं नाही म्हणे. लोकांनी पकडलं. बाईचं मनगट मोडलंय." "तुमचा जबाब लागेल. कागद घेऊन तिकडे जावं लागेल. जाल ना?"

"जाईन," नवी म्हणाली.

त्याच संध्याकाळी दुरुस्तीवालीनं तिच्यासमोर खातं बंद केलं. "कल्पना माझी नव्हती, ताई," ती हळूच म्हणाली आणि लगेच म्हणाली, "पण गाव मीच काढलं होतं." नवीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

भिंगरीला मावशीकडे ठेवून ती रेल्वेत बसली. दोन दिवस ती नीट जेवली नाही, झोपली नाही. तो कोठडीत आहे हे माहीत असूनही प्रत्येक स्टेशनवर निळा शर्ट दिसला की ती खिडकीपासून मागे सरकायची. आणि त्याच्याइतकीच, खरं तर त्याच्याहून जास्त, तिला आता त्या बाईची भीती वाटत होती.

ठाण्यातल्या पॅसेजमध्ये एक लाकडी बाक होता. त्यावर ती बाई बसली होती, डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. चष्म्याच्या दुकानात काम करते, असं तिनं आपणहूनच सांगितलं. महिनाभर आता काच घासता येणार नाही. अंगकाठी खरंच सारखी होती. केससुद्धा.

"तुम्ही पण त्याच्याचसाठी आलात?" तिनं विचारलं.

"हो. माझा नवरा आहे."

बाईनं तिच्याकडे नीट बघितलं. "मला वेगळ्याच नावानं हाक मारत होता. मी सांगतेय, अहो मी ती नाही, तर म्हणाला, नाटक करू नकोस, तुझी सगळी गाणी ऐकली मी, एकूण एक. मी असं काय ऐकलं होतं? माझी पोर तेव्हापासून रस्त्यावर माझा हात धरत नाही. म्हणते, मोडेल."

नवीला वाटलं, गप्प बसावं. इथे कुणालाच काही माहीत नव्हतं. मावशी आणि दुरुस्तीवाली दोन दिवसांच्या अंतरावर होत्या. जबाब द्यावा, सही करावी, संध्याकाळची गाडी पकडावी.

"ती गाणी मी लावून ठेवली होती," ती म्हणाली. "त्यानं या गावात यावं म्हणून. माझ्याकडे येऊ नये म्हणून. आमच्या गावात तो समोर होता, धरता आला असता. मीच नको म्हटलं."

बाईनं मांडीवरची पर्स उचलली, उठली आणि पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला खिडकीशी जाऊन उभी राहिली, पाठ करून. तिथे ती दहा मिनिटं तरी उभी होती. नवी बाकाची कड धरून बसली. आतल्या कुठल्यातरी दारामागे माणसांचे आवाज येत होते, आणि त्यातला एक आवाज ओळखीचा आहे असं तिला सारखं वाटत होतं.

शिपायानं दार उघडलं. "ओळख पटवायची आहे. एकेकटं जायचं की बरोबर?"

नवी उठली. तिनं बाईकडे बघितलं नाही, बघायची तिची हिंमत नव्हती.

"बरोबर," खिडकीकडून बाई म्हणाली. चालत येऊन ती नवीच्या शेजारी उभी राहिली, प्लास्टरचा हात नवीपासून लांबच्या बाजूला ठेवून. "राग गेलेला नाही माझा," ती हळू आवाजात म्हणाली. "पण आत मी एकटी जाणार नाही."